आजोबांच्या ट्रंकेतलं गीतारहस्य

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत लोकमान्यांचं गीतारहस्य सापडलं, १९१५ छापलेलं आहे, आणि आत एक पोस्टकार्ड, खाली टिळकांची सही दिसते. खरं असेल का? लॅमिनेट करून ठेवू का? किंमत किती येईल?

उत्तर : आधी एक विनंती, लॅमिनेशन नको! एका ओळखीच्यांनी असंच आजोबांचं पत्र लॅमिनेट करून आणलं, आता ते प्लास्टिक काढायला गेलं तर कागदच फाटतोय. सेलोटेपही नको, तो पिवळा पडून डाग सोडतो.

पुस्तकाचं म्हणाल तर नुसतं १९१५ बघून खूश होऊ नका. दुसरी आवृत्तीही त्याच वर्षी निघाली, त्यामुळे मुखपृष्ठ आणि त्याच्या मागचं पान नीट बघा, कितवी आवृत्ती ते तिथे सापडेल. टिळकांनी मूळ मजकूर मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं वह्यांत लिहिला होता, सुटून आल्यावर त्या वह्या सरकारकडून परत मिळाल्या आणि मग पुण्यात छपाई झाली.

पोस्टकार्डात मात्र खरी गंमत आहे. सही बघण्याआधी पोस्टाचा शिक्का बघा, तारीख आणि गाव दोन्ही. १९०८ ते जून १९१४ टिळक शिक्षा भोगत होते, म्हणजे १९१२ ची तारीख आणि कार्ड पाठवल्याचा शिक्का पुण्याचा असेल तर काहीतरी घोळ आहे. १९१८ च्या शेवटापासून पुढचं जवळजवळ वर्षभर ते इंग्लंडमध्ये होते, तेही लक्षात असू द्या. कार्डावर छापलेला राजा पण बघा बरं का, पाचव्या जॉर्जचं कार्ड असेल तर ते १९११ नंतरचंच. आणि हे सगळं जुळलं तरी मजकूर दुसऱ्या कुणाच्या हातचा आणि सही तेवढी त्यांची असंही असू शकतं, म्हणून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी जाणकारांना दाखवा, तिथे जुन्या कागदपत्रांचाच संग्रह आहे. नेताना कार्ड पुस्तकात दाबून नेऊ नका, वेगळ्या कोऱ्या कागदात ठेवा आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून घ्या.

किंमत मी सांगणार नाही, खरेपणा ठरेपर्यंत ती कुणीच सांगू नये. फक्त परदेशातल्या कुणी मागितलं तर थांबा, ऐतिहासिक मोलाचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरतं, ते खाजगीरीत्या बाहेर पाठवता येत नाही. ग्रंथालयाला द्यायचं ठरलंच तर पोच घ्या आणि त्यांच्या नोंदवहीतला क्रमांक त्या पोचेवर लिहून घ्या.