रेझ्युमेत ‘एन्क्रिप्शन’ लिहू का?

प्रिय मित्रा,

लोकांनी अपलोड केलेल्या फाइल्स तुझा प्रोजेक्ट एक्सॉर करून (म्हणजे प्रत्येक बाइट एका किल्लीशी मिसळून; तीच किल्ली पुन्हा लावली की मूळ फाइल परत) सर्व्हरवर ठेवतो आणि मागितल्यावर पूर्ववत करून देतो. गाइड म्हणाले, हे एन्क्रिप्शन नव्हे. मित्र म्हणतो, रेझ्युमेत बिनधास्त एन्क्रिप्शन लिही. आणि तू विचारतोस, सायबर सिक्युरिटीचा नाद सोडू का?

मुळीच सोडू नकोस. मित्राचं मात्र ऐकू नकोस. गाइडचं बरोबरच आहे: प्रत्येक पीडीएफची सुरुवात ठरलेल्या अक्षरांनी होते, त्यावरून एक्सॉरची किल्ली उलगडते. गुप्तता हवी असेल तर एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत आहे, 2001 पासूनचं अमेरिकी सरकारचं अधिकृत प्रमाण. पण तुझी गरज वेगळी होती. सर्व्हरचं सेटिंग चुकलं आणि कुणी अपलोड केलेली पीएचपी फाइल (सर्व्हरवर चालणारा कोड) चालवली गेली, तरी तिथे निरर्थक बाइट्सच सापडावेत. अँटिव्हायरसही पकडलेल्या फाइल्स क्वारंटाइनमध्ये, म्हणजे वेगळ्या कोंडवाड्यात, अशाच रूप बदलून ठेवतात. काम हलकं आहे, पण हलक्या दर्जाचं नाही.

खरी उणीव गाइडनी दाखवली नाही, ती मी सांगतो. तुझी किल्ली एकच बाइट आहे, तीही कायमची. हल्लेखोराला ती कळली की तो आधीच एक्सॉर केलेली फाइल पाठवेल, आणि तुझाच कोड तिचं डिस्कवर घातक फाइलीत रूपांतर करील! कळली नाही तरी शक्यता जेमतेम 256. तेवढ्या फाइल्स पाठवायला किती वेळ लागतो? म्हणून प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरनेच 16 बाइट्सची नवी रँडम किल्ली काढावी, डेटाबेसमध्ये ठेवावी, अपलोड करणाऱ्याला दिसू देऊ नये. वेगात जाणवण्याजोगा फरक पडणार नाही.

तुझा कल मला ॲप्लिकेशन सिक्युरिटीकडे, म्हणजे सॉफ्टवेअर सुरक्षित बनवण्याकडे, दिसतो. क्रिप्टोग्राफीला, म्हणजे एन्क्रिप्शनच्या शास्त्राला, अंकसिद्धांत आणि बीजगणित मनापासून आवडावं लागतं. पत्रात गणिताचा उल्लेखही नाही. मालवेअर ॲनालिसिस (घातक सॉफ्टवेअरची चिरफाड) खुणावत असेल तर असेंब्ली ही प्रोसेसरच्या जवळची भाषा आणि फाइल फॉरमॅट्सपासून सुरुवात कर.

रेझ्युमेत लिही: ‘अविश्वासू फाइल्स सर्व्हरवर चालू नयेत म्हणून ऑबफस्केशन’, म्हणजे फाइलीचं रूप बदलून ठेवणं. मुलाखतीत विचारतील, फाइल डाउनलोड करणाऱ्याचं काय? त्याच्यापर्यंत व्हायरस जसाच्या तसा पोहोचतो, त्यासाठी स्कॅनिंग वेगळं हवं, हे न कचरता सांग. किल्लीचा बदल केलास की कोड मला पाठव.

तुझा,
करिअर मार्गदर्शक