ताऱ्यावर जाणारं यान आणि पीयूसीचा फॉर्म

नमस्कार दादा, पत्र मिळालं. बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं लेथचं वर्कशॉप, पोरगी यंदा मराठी मिडियममधून एसएसएलसी, म्हणजे दहावी, पास, गणितात हुशार, आणि आता म्हणालीय की दुसऱ्या ताऱ्यावर जाणारं यान बनवणार. तुमचा भाऊ म्हणतोय पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घ्या आणि डॉक्टरकीच्या नीटला बसवा. तुमचा प्रश्न, हे नुसतं खूळ आहे काय खरंच असलं काही शिकून पोट भरतं?

आधी खरं ते सांगतो. माणूस बसलेलं यान तिच्या हयातीत दुसऱ्या ताऱ्यापर्यंत पोचेल असं मला अजिबात वाटत नाही. हे तिलाही सरळ सांगा, पण कारणासकट सांगा, नुसतं "येडी काय" म्हणून गप्प बसवू नका.

समजा धर्मवीर संभाजी चौकात सूर्य ठेवला आणि पृथ्वी एक मीटरवर धरली. मग नेपच्यून येतो 30 मीटरवर, म्हणजे सगळे ग्रह चौकातच संपले. 1977 ला सोडलेलं नासाचं व्हॉयेजर 1 हे यान सेकंदाला 17 किलोमीटरनं पळतंय आणि तरी एवढ्या वर्षांत या मापानं साधारण 170 मीटर गेलंय. आणि सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, 268 किलोमीटरवर! म्हणजे हायवेनं कोल्हापूर, सातारा मागे टाकून खंबाटकी घाटाच्या आसपास. खरं अंतर 4.24 प्रकाशवर्षं, आणि व्हॉयेजरच्या स्पीडनं तिथं जायला 75 हजार वर्षं लागतील.

पोरगी म्हणेल स्पीड वाढवा की. पार्कर नावाचं यान 2024 च्या डिसेंबरात सेकंदाला 192 किलोमीटरपर्यंत गेलं, पण ते सूर्याच्या ओढीनं त्याच्याकडं पडताना, आणि तोच स्पीड कायम धरला तरी साडेसहा हजार वर्षं लागतात. प्रकाशाच्या दहा टक्के स्पीड धरला तर 42 वर्षांत पोचता येईल, पण एक किलो वजनाला तेवढा वेग द्यायला, काहीही वाया न जाता, आपल्या वीज कंपनीच्या, हेस्कॉमच्या, हिशोबात साडेबारा कोटी युनिट लागतात! एक किलोला ओ, माणसं, खाणं, पाणी, सगळं वेगळंच. आणि तिथं थांबायचं असेल तर ब्रेक घासायला हवा नाही, म्हणजे उलट्या दिशेनं परत तेवढाच जोर लावायचा, आणि त्याचं इंधन इथूनच वाहून न्यायचं, आणि ते इंधन न्यायला अजून इंधन. हे गणित रशियाच्या त्सिओलकोव्स्की या शास्त्रज्ञानं 1903 लाच मांडलंय आणि अजून कुणाला चुकवता आलेलं नाही. त्या स्पीडला वाटेत धुळीचा कण आदळला तरी यानाला भोक पडायचं. प्रकाशापेक्षा जास्त स्पीड तर आइन्स्टाइनच्या नियमात बसतच नाही.

आता नोकरीचं. जाता येत नाही म्हणूनच इथं बसून ऐकायचं आणि बघायचं काम भरपूर आहे, आणि ते काम करणाऱ्यांना पगार मिळतो. व्हॉयेजरचा ट्रान्समीटर साधारण 23 वॅटचा, म्हणजे घरच्या बल्बएवढा, त्याचा सिग्नल यायला 23 तासांहून जास्त लागतात आणि तो पकडायला 70 मीटरच्या डिश वापरतात. आपल्या कर्नाटकातच, बेंगळूरजवळ ब्याललूला, इस्रोची 32 मीटरची अँटेना आहे, चांद्रयानाशी बोलायला बांधलेली. प्रॉक्सिमाभोवती ग्रह आहे हे 2016 ला कळलं, तिथं कोणी गेलं नव्हतं, तारा किंचित मागेपुढे हलतो हे त्याच्या प्रकाशावरून ओळखलं.

म्हणून माझं मत, पीसीएमबी नको, पीसीएमसी, म्हणजे बायोलॉजीच्या जागी कॉम्प्युटर, घ्या किंवा इलेक्ट्रॉनिक्स असलेला ग्रुप मिळाला तर तो. भावाला वाईट वाटेल, वाटू दे. फिजिक्स, खगोल करायचं असेल तर आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची परीक्षा, नाहीतर बेंगळूरची आयआयएससी ही विज्ञान संस्था. तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अंतराळ खात्याचीच संस्था, तिथं आयआयटीला लागते तीच जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, अवघड आहे, खोटं सांगत नाही. नाही जमलं तर सीईटी देऊन इथल्याच व्हीटीयू या तंत्रशिक्षण विद्यापीठाच्या कॉलेजात मेकॅनिकल नाहीतर इलेक्ट्रॉनिक्स, इस्रोत साध्या कॉलेजातली पोरंही जातात, डिप्लोमावाल्यांच्याही जागा निघतात. आणि हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमधे विमानाचे सुटे भाग बनतात हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुमच्या लाइनीतलंच काम ते, फक्त टॉलरन्स, म्हणजे मापातली सूट, कडक.

मला खरी काळजी वेगळीच आहे. मराठी मिडियममधून पहिल्या पीयूसीला गेली की एकदम सगळं इंग्लिश, वर बाहेर कन्नड, आणि पहिल्या टेस्टला कमी मार्क पडले की हुशार पोरंही "मला येतच नाही" म्हणून मागं बसतात. म्हणून या सुट्टीत महागड्या क्लासची फी भरण्यापेक्षा अकरावीचं फिजिक्सचं इंग्लिश पुस्तक आणून रोज दोन पानं तिच्याकडनं वाचून घ्या, समजलेलं मराठीत सांगायला लावा. आणि 28 फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शन असतं, 45 मीटरच्या 30 डिश आहेत तिथं, जमलं तर एकदा घेऊन जा. तुम्हालाही बघायला आवडेल, त्या फिरवायच्या गिअर बघा.

पुढचं पत्र मात्र तिला स्वतःला लिहायला सांगा, तिचा प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळाच असेल बहुतेक. पीयूसीचा फॉर्म त्याआधी भरून टाका, तारखेची वाट बघत बसू नका.