किस्पेप्टिनचे आकडे विस्कटलेत? आधी नळीच्या झाकणाचा रंग सांगा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. प्रबंधासाठी लातूर जिल्ह्यातल्या आरोग्य शिबिरांतून पीसीओएसच्या (अंडाशयाच्या हार्मोन-विकाराच्या) चाळीस आणि निरोगी चाळीस मुलींचं रक्त घेतलंत, त्यातलं किस्पेप्टिन हे हार्मोन मोजलंत. एलायझा किट (रंगाच्या गडदपणावरून हार्मोन मोजायचा संच) संपलं, पैसेही संपले. आता दोन्ही गटांचे आकडे असे मिसळलेत की निरोगी मुलींचीच सरासरी जास्त येतेय. गाईड म्हणतात, संख्याशास्त्राची दुसरी चाचणी लावून बघ, आणि तुम्ही इथे विचारताय की कुठली लावू.

ताई, सध्या कुठलीच लावू नका. मी याच जागी उभी होते. चाचण्या बदलत आठ महिने घालवले, ते आजही सलतं.

किस्पेप्टिन म्हणजे पाळी आणि प्रजननाच्या हार्मोन्सना मेंदूतून चालना देणारं पेप्टाइड, म्हणजे छोटं प्रथिन. हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागात ते काय करतं, जीएनआरएच आणि एलएच या पुढच्या हार्मोन्सशी त्याचं नातं काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पोस्टवरून तुमचं वाचन चांगलं दिसतं. पण एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये एक गोष्ट कुठेच नाही: रक्त कुठल्या नळीत घेतलं आणि ते सेंट्रिफ्यूजपर्यंत, म्हणजे गरगर फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रापर्यंत, पोहोचायला किती वेळ लागला. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यातही हे नव्हतं. कारण मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं.

माझं सांगते. बीड जिल्ह्यातल्या गावांतून नमुने घ्यायचे होते. तिथल्या बायका दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, परत येतात ते गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्याही नंतर. त्यामुळे शिबिर एप्रिलमध्येच ठेवावं लागलं. झेडपीच्या शाळेची खोली, पत्र्याचं छप्पर. शिबिरात लाल झाकणाच्या, म्हणजे रक्त साकळू देणाऱ्या, नळ्या होत्या, त्याच वापरल्या. रक्त साकळायला हवं म्हणून स्टँड खिडकीत ठेवला. दुपारी सगळ्या नळ्या थर्मोकोलच्या डब्यात भरल्या आणि डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. डब्यात दोन आइस पॅक होते, पण त्यांचं सकाळीच पाणी झालेलं. संध्याकाळी साडेसहाला प्रयोगशाळेत पोहोचून नळ्या फिरवल्या. काहींचं सीरम, म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळं होणारं पाणी, डाळिंबाच्या पाण्यासारखं गुलाबी आलं होतं, म्हणजे लाल पेशी फुटल्या होत्या. ते बघूनही मी थांबले नाही. अशा दोन फेऱ्यांत बासष्ट नमुने गोळा केले.

आकडे आले तेव्हा निम्म्याहून अधिक नमुने किटच्या सगळ्यात खालच्या स्टँडर्डच्या (तुलनेसाठी दिलेल्या, प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याच्या) ही खाली होते, उरलेले कसेही विखुरलेले. त्यावर मी काय केलं तर अर्धं प्रकरण लिहून काढलं. या भागातल्या बायकांमध्ये किस्पेप्टिन कमी का, याची कारणं शोधली: अपुरा आहार, उन्हातलं काम, कमी वयात झालेली बाळंतपणं. प्रत्येक वाक्याला संदर्भ जोडला. ज्या बायका माझ्यावर विश्वास ठेवून हात पुढे करून बसल्या, त्यांच्या शरीराबद्दल मी कागदावर खोटं लिहून ठेवलं होतं. जाणूनबुजून नाही, पण खोटंच. माझं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे, पैसा आणि वर्षं त्याच्या मागे.

आता हे का होतं ते. किस्पेप्टिन फार नाजूक पेप्टाइड आहे. चोपन्न अमिनो आम्लांचं मुख्य रूप शिरेतून दिलं तर साधारण अर्ध्या तासात रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. दहा अमिनो आम्लांच्या छोट्या रूपाला चारेक मिनिटं पुरतात. नळीत गेल्यावरही ही तोडफोड थांबत नाही. यातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. १९९६ मध्ये किस्पेप्टिनचा जीन (जनुक) सापडला तो पुनरुत्पादनाच्या अभ्यासात नव्हे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाचा, प्रसार रोखणारे जीन शोधले जात होते, त्यात तो हाती लागला. पुढे कर्करोगवाल्यांनीच दाखवलं की गाठी पसरायला मदत करणारी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स या पेप्टाइडच्या टोकाची तीन अमिनो आम्लं कापून टाकतात. रिसेप्टरला लागतं तेच टोक, आणि किटमधल्या अनेक अँटिबॉडीज पकडतात तेही तेच. आणि रक्त साकळताना पांढऱ्या पेशींतून एमएमपी-९ बाहेर पडतं, म्हणूनच प्लाझ्मापेक्षा, म्हणजे न साकळू दिलेल्या रक्तातल्या पाण्यापेक्षा, सीरममध्ये ते जास्त मिळतं. म्हणजे लाल झाकणाच्या नळीत मी रक्ताबरोबर कात्रीही ठेवली होती, आणि वरून मराठवाड्यातलं एप्रिलचं ऊन.

हे वाचून माहीत असणं वेगळं, डोळ्यांनी बघणं वेगळं. माझे डोळे उघडले ते एका गरोदर बाईच्या रक्ताने. तुम्हालाही पहिलं हेच करायला सांगेन.

गरोदरपणात वार (प्लासेंटा) रक्तात किस्पेप्टिन ओतत असते. २००१ मध्ये जपानच्या ताकेदा कंपनीतल्या संशोधकांनी हे पेप्टाइड वेगळं काढलं तेही मानवी वारेतूनच. २००३ मध्ये जपानी गटाने छापलेले आकडे असे: गरोदर नसताना लिटरमागे सव्वा पिकोमोलच्या (अतिसूक्ष्म प्रमाणाचं एकक) आसपास, पहिल्या तिमाहीत बाराशेच्या घरात, शेवटच्या तिमाहीत साडेनऊ हजार. सात हजार पटींचा फरक! इतका प्रचंड फरकही तुमच्या पद्धतीला दिसत नसेल, तर पीसीओएसमधला बारीकसा फरक तिला दिसेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

आमच्या विभागातल्या एक मॅडम तेव्हा सातव्या महिन्यात होत्या. त्या आपणहून म्हणाल्या, माझं घे. (एथिक्स कमिटीकडून प्रोटोकॉलमधल्या बदलाला मंजुरी घेतली, संमतीपत्र मराठीत भरलं, मगच घेतलं. तुम्हीही तसंच करा. ओळखीची आहे म्हणून परस्पर रक्त घेऊ नका.) दोन नळ्या भरल्या. एक आधीच थंड केलेली, हिरव्या झाकणाची, रक्त साकळू न देणाऱ्या हेपॅरिनची, आत पेप्टाइडची तोडफोड रोखणारं अॅप्रोटिनिन घातलेलं. ती भरताक्षणी बर्फात ठेवली आणि दहा मिनिटांत थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. दुसरी लाल झाकणाची, पाच तास खिडकीत, माझ्या शिबिरातल्यासारखी. दोन्हींचे नमुने एकाच प्लेटवर शेजारी-शेजारी लावले. आमचं किट सँडविच पद्धतीचं, म्हणजे हार्मोन जितकं जास्त तितका रंग गडद. रंगाची क्रिया थांबवणारं स्टॉप सोल्यूशन घातलं तर बर्फातल्या नळीची खाच हळदीसारखी पिवळीधमक, वाचनयंत्राच्या मर्यादेपलीकडे, पातळ करून पुन्हा लावावी लागली. शेजारची खाच मात्र फिकट, आंबेमोहराच्या पेजेसारखी. एकाच बाईचं, एकाच हातातून, एकाच मिनिटाला घेतलेलं रक्त. एका बाईवरून शास्त्रीय नियम निघत नाही हे कळतं, पण माझ्या बासष्ट नमुन्यांचं काय झालं असणार ते मला त्या क्षणी कळलं.

तुमच्या बाबतीत आणखी एक शंका आहे. तुम्ही आकडे मिलिलिटरमागे ०.२ ते ३ नॅनोग्रॅम असे दिलेत. जरा हिशेब करू. किस्पेप्टिन-५४ चा रेणुभार ५,८०० ते ५,९०० च्या दरम्यान, म्हणजे लिटरमागे एक पिकोमोल म्हणजे मिलिलिटरमागे जवळजवळ सहा पिकोग्रॅम. तुमचा सगळ्यात छोटा आकडा ०.२ नॅनोग्रॅम, म्हणजे २०० पिकोग्रॅम, म्हणजे लिटरमागे ३४ पिकोमोल. सगळ्यात मोठा पाचशेच्या वर. त्या छापील आकड्यांशी ताडून बघा, तुमच्या ऐंशीच्या ऐंशी मुली गरोदर असल्याशिवाय हे जुळत नाही. किटचं स्टँडर्ड किस्पेप्टिन-१० चं असेल तर हिशेब आणखीच बिघडतो. माझं किट निदान पिकोग्रॅममध्ये बोलत होतं. तुमचं किट बहुधा किस्पेप्टिनबरोबर दुसरंही काहीतरी मोजतंय. बाजारात अशी किटं आहेत आणि एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळत नाहीत. नाव घेणार नाही, आणि माझा अंदाज चुकीचाही असू शकतो. म्हणून तर गरोदर बाईचा नमुना आधी लावा. तो बाकीच्यांसारखाच आला तर दोष किटचा. ताजा असताना भरपूर आणि ठेवल्यावर कमी आला तर दोष हाताळणीचा. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.

आता थोडं मनातलं. अॅप्रोटिनिन आणि हेपॅरिनच्या नळ्या मी आधी मागितल्याच नव्हत्या असं नाही. मी जिथे होते तिथल्या खरेदी विभागाने ती फाईल तीनदा परत पाठवली. एकदा दरकरारात नाही म्हणून, एकदा तिसरं कोटेशन नाही म्हणून. तिसऱ्यांदा टिपणीवर शेरा होता: ‘रक्त तपासणीसाठी प्रचलित नळ्या उपलब्ध असताना वेगळ्या नळ्यांची आवश्यकता स्पष्ट करावी.’ मी दोन पानं स्पष्टीकरण लिहिलं. ते वाचल्याची खूण कुठेच नाही, जावक क्रमांक तेवढा पडला. शेवटी शिबिराची तारीख आली आणि मी लाल नळ्या घेऊन गेले. चूक माझी होती, ती मी त्यांच्यावर ढकलत नाही. पण शेवटी किट आलं तेही शुक्रवारी संध्याकाळी, आणि स्टोअरमध्ये सोमवारपर्यंत टेबलावर पडून राहिलं. खोक्यावर ‘२ ते ८ अंश’ असं हाताएवढ्या अक्षरात छापलेलं, आणि महिना मे. दुसरं किट मागवायला सही मिळेना, कारण ‘पहिलं प्राप्त झाल्याची नोंद आहे’. कितीतरी मुलींची उमेदीची वर्षं अशा टेबलांवर जातात. तुमचं किट आलं त्या दिवशी ते कोणी उतरवून घेतलं आणि कुठे ठेवलं, हे नक्की विचारा.

पुन्हा नमुने घेणार असाल तर एवढं करा: रक्त प्रवासाला नेऊ नका. छोटं सेंट्रिफ्यूज शिबिरातच न्या आणि भारनियमनाची वेळ आधी विचारून घ्या. प्लाझ्मा तिथेच वेगळा करा, छोट्या-छोट्या व्हायलमध्ये भरा, बर्फ-मिठात ठेवून आणा आणि त्याच दिवशी उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये टाका. एक व्हायल एकदाच वितळवायची. बर्फाची सोय मला रसवंतीवाल्याने करून दिली. उन्हाळ्यात गावात दुसरं काही मिळो न मिळो, रसवंतीवर लादी मिळते.

निरोगी गट निवडतानाही दोन गोष्टी बघा. पहिली, प्रत्येकीची लघवीची गरोदरपण तपासणी करा. महिना-दीड महिन्याचा गर्भ असेल आणि तिलाच माहीत नसेल, तर तो एक आकडा अख्खी सरासरी उडवतो. दुसरी आपल्याकडची. ‘पाळी नियमित आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, ‘पिशवी काढली आहे का, आणि बरोबर अंडाशयही काढलं का’ हे स्पष्ट विचारा. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, आणि त्यात कमी वयाच्याही पुष्कळ होत्या. पिशवी काढलेल्या बाईच्या पाळीचा दिवस धरता येत नाही. अंडाशयही गेलं असेल तर इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो आणि मेंदूतलं किस्पेप्टिनचं काम वाढतं, म्हणजे ती तुमच्या तुलनेच्या गटात बसतच नाही. माझ्या यादीत अशा चौघी होत्या. मी विचारलंच नव्हतं, आशाताईंनी सांगितलं म्हणून कळलं.

आणि एक माझं मत, पटलं तर घ्या. मी शरीरक्रियाशास्त्रातली पीएच.डी. आहे, डॉक्टर नाही. पीसीओएसमध्ये रक्तातलं किस्पेप्टिन वाढलेलं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, काहींत दिसत नाही. पण नीट मोजलं तरी हातातल्या शिरेतला आकडा हायपोथॅलॅमसमध्ये काय चाललंय ते सांगेलच असं नाही. तिथल्या पेशी ठोक्यांनी काम करतात, आणि आपण एका सकाळी एक नळी भरतो. पाच वर्षांच्या प्रबंधाचा सगळा भार या एका आकड्यावर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमचे ऐंशी नमुने फेकू नका. गुलाबी पडलेले बाजूला काढा. एलएच, एफएसएच, टेस्टोस्टेरॉन, एएमएच ही हार्मोन मंडळी सीरममध्ये किस्पेप्टिनपेक्षा खूपच टणक असतात. चांगल्या प्रयोगशाळेत ती मोजून घेतली तर प्रबंधाचा कणा उभा राहील. किस्पेप्टिनसाठी वीसच नमुने घ्या, पण बर्फातले. आणि आधीचं सगळं काय झालं, कुठल्या नळीत, किती अंशात, किती तासांनी, हे पद्धतीच्या प्रकरणात खरंखरं लिहा. माझ्या गाईडना ते आवडलं नव्हतं. तोंडी परीक्षेत मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच दोन पानांवर घेतला.

गाईडशी वाद घालायला जाऊ नका. गरोदर नमुन्याची प्लेट त्यांच्यासमोर ठेवा.

मला तीन गोष्टी कळवा: झाकणाचा रंग, रक्त घेतल्यापासून फिरवेपर्यंतचे तास, आणि किटच्या पत्रकात सगळ्यात खालचं स्टँडर्ड किती आणि ते ५४ चं की १० चं. पत्रकाचा फोटो टाकलात तरी चालेल, कंपनीचं नाव झाकून. कॉलेजचे पेपर तपासणं चालू आहे, रविवारी दुपारी निवांत बघून उत्तर देते.