आधी स्वतःचा नियम लिहून बघ

नोकरी-संसार सांभाळून फ्रान्सिस्कन संघात, म्हणजे संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या संघात, येता येतं का, असं विचारलंस. येतं. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) फ्रान्सिस्कनांच्या थर्ड ऑर्डरमध्ये, म्हणजे घरी राहून नियम पाळणाऱ्यांच्या शाखेत, स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित, पाळक आणि साधे सभासद सगळेच असतात. मठात राहावं लागत नाही. आणि हे आपल्याला परकंही नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे तो पुण्यात आला. तिथे इंग्रज आणि भारतीय बरोबरीनं राहत. थर्ड ऑर्डरमध्ये आज 'तत्त्वं' नावाच्या मजकुरातला रोज एक उतारा वाचतात, त्या तत्त्वांचं मूळ याच संघाच्या नियमात आहे. महिन्याच्या तारखांप्रमाणे उतारे तीस, एकतीस तारखेचं काय ते विचारू नकोस!

खरी कसोटी स्वतःचा नियम, म्हणजे आपण रोजच्या जगण्यात काय पाळणार ते, लिहिताना लागते. प्रभुभोजन, प्रार्थना, पश्चात्ताप, अभ्यास, साधी राहणी वगैरे नऊ मुद्दे असतात. नवखी माणसं हमखास लिहितात, 'रोज पहाटे तासभर प्रार्थना.' सात वाजताची लोकल पकडणाऱ्या बाईनं असलं काही लिहू नये. दहा मिनिटं लिही, पण पाळ. साधी राहणी लिहिताना मात्र मागच्या महिन्याचा खर्च समोर घे. तिथे फार गुळगुळीत लिहिलं जातं.

'सर्वांचं स्वागत' हे छापायला सोपं आहे. घटस्फोटित किंवा समलिंगी माणसाला दीक्षा, म्हणजे पूर्ण सभासदत्व, मिळेल का, हे पहिल्याच भेटीत थेट विचार. समोरचा चाचरला, तर समजून जा.

उमेदवारीचे काही महिने, मग नवदीक्षितपणाची, म्हणजे शिकाऊ सभासद म्हणून, किमान दोन वर्षं, आणि त्यानंतर दीक्षा. मध्येच सोडलंस तरी कुणी रागावणार नाही. आणि आपलं चर्च मात्र सोडू नकोस.