वाचकांचे प्रश्न : माईक नव्हता तेव्हाचं गाणं

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी संगीत नाटकातले नट माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गायचे, ते पण काळी चारात, म्हणजे पेटीच्या बऱ्याच वरच्या पट्टीत. आता तसे गळे राहिलेच नाहीत का? की खाण्यापिण्याचा फरक?
– एक वाचक, सांगली

गळे आहेत हो, उगाच आजच्या पोरांना नावं ठेवू नका. आणि साजूक तुपाचं म्हणाल तर तेव्हाच्या नाटक कंपन्यांत सगळ्यांनाच ते मिळत होतं असं समजू नका, कित्येक कंपन्या कर्जात बुडालेल्या असायच्या. आवाज वर चढला तो थिएटरमुळे. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि पुढची निदान पन्नास वर्षं मराठी नाटक गाण्यावरच चाललं. गावोगावी कापडी मांडव नाहीतर पत्र्याची थिएटरं, आत गर्दी, बत्त्यांचा उजेड, पोरंबाळं रडतायत, कोणी पान जमवतंय, आणि त्या सगळ्यावरून गाणं मागच्या माणसाला पोचलं पाहिजे कारण त्यानेही पैसे मोजलेत. आता माणसाच्या कानाला साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज सगळ्यात पटकन ऐकू येतो, आणि गायक वरच्या पट्टीत जोर लावून गातो तेव्हा आवाजातला तो टोकदार भाग वाढतो. खर्जात, म्हणजे खालच्या सुरात, घुमणारा गोड आवाज दिवाणखान्यात छान, मांडवात मात्र चौथ्या रांगेत विरून जातो. म्हणून कंपनीत भरती करतानाच चढे, पल्लेदार आवाज बघून मुलं घ्यायचे. त्यात बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. भाऊराव कोल्हटकरांनी आधी शकुंतला, सुभद्रा रंगवल्या आणि मग पुरुष भूमिकांकडे वळले, त्यामुळे आज बायका गातात त्याच्या जवळ जाणारी पट्टी नाटकात कोणाला खटकायची नाही.

पण एक सांगतो, सगळेच काही आवाज फोडून गात नव्हते. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेला प्रयोग, त्यात केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. केशवरावांचा आवाज उंच, धारदार आणि बालगंधर्वांचा तुलनेने मऊ, तरी त्यांना ऐकायला लोक शांत बसायचेच. शब्द स्वच्छ, सूर लागला की पक्का, आणि मागे थिरकवांचा तबला. अशा वेळी नुसता मोठा आवाज लागत नाही. माझं मत विचाराल तर तारस्वरातली दमछाक ऐकण्यापेक्षा मला ही पद्धत कधीही बरी वाटते, पण केशवरावांचे भक्त यावर भांडायला येतील, या.

प्रश्न : यूट्यूबवर जुन्या रेकॉर्डी ऐकते. सगळे घाईघाईत गातात, आवाजही चिरके वाटतात. खरंच असं गायचे?
– एक वाचक, नाशिक

नाही. तुम्ही ऐकताय ते मशीनने कापून दिलेलं गाणं आहे. दहा इंची तव्याच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. थिएटरात जे पद वन्समोअर घेत घेत रंगायचं ते इथे मुखडा, अंतरा, दोन-चार ताना की संपलं. आलाप करायला जागाच नाही, मग घाई वाटणारच. शिवाय 1925 च्या आसपास विजेवरचं रेकॉर्डिंग येईपर्यंत माईक नव्हताच, गायकाने एका भल्यामोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. तार सप्तकात गेलं की मागे सरकायचं, नाहीतर सुई थरथरून ध्वनिमुद्रण खराब. तानपुऱ्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, त्यात जवळजवळ येतच नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं रेकॉर्डिंग झालं तेव्हा शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत सांगतात ना, ते मिरवायला नाही बरं का. मूळ तबकड्या जर्मनीला हॅनोव्हरला छापायला जायच्या, तिथल्या माणसाला ही कोणाची हे कळावं म्हणून.

आणि चिरकेपणाची गंमत अजून वेगळी आहे. त्या काळी सगळ्या तबकड्या मिनिटाला बरोबर 78 फेऱ्यांनी रेकॉर्ड होत नव्हत्या, कधी 74, कधी 80. आता 74 वर भरलेली तबकडी कोणी 78 वर लावून अपलोड केली तर आवाज जवळजवळ अर्धा स्वर वर जातो आणि लयसुद्धा वाढते. म्हणजे बिचारा गात होता काळी दोनात, तुम्हाला ऐकू येतो तिच्या लगेच वरच्या पांढरी तीनमध्ये, आणि आपण कौतुक करतोय काय पट्टी होती म्हणून! आजोबांच्या काळी चारवाल्या काही गोष्टी तिथूनही आल्या असतील. प्लेअरमध्ये स्पीड पाच टक्के कमी करून ऐका, पण सोबत पिच पण खाली येईल असं सेटिंग हवं, कारण बऱ्याच ॲपमध्ये नुसती लय कमी होते आणि पट्टी तिथेच राहते. मग कुठल्या ठिकाणी आवाज माणसाचा वाटायला लागतो ते बघा.

प्रश्न : मी पुरुष, माझी पट्टी पांढरी एक. नाट्यगीत स्पर्धेत मास्टर दीनानाथांचं पद घेतलंय, सर म्हणतात मूळ पट्टीतच म्हण नाहीतर मजा नाही. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

सरांचा मान ठेवून सांगतो, नका करू. आपल्याकडे षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ सा, ज्याचा त्याचा असतो. शिवाय तुमच्या पुढ्यात माईक आहे, दीनानाथांना मांडव भरायचा होता. माईक आल्यावरच तर जी. एन. जोशी, जे. एल. रानडे यांचं भावगीत हळू आवाजात, कानाशी बोलल्यासारखं घराघरात पोचलं, आणि 1964 मध्ये 'मत्स्यगंधा' नाटकाला जितेंद्र अभिषेकींनी चाली दिल्या त्याही आटोपशीर. पदाच्या अंतऱ्यात सगळ्यात वरचा स्वर कोणता ते शोधा, तो सलग तीनदा मान ताठ न करता, गळा न आवळता लागला पाहिजे. नाही लागला तर सा अर्धा स्वर खाली घ्या, गरज पडली तर अजून अर्धा. दीनानाथांची झपकन उचललेली तान, मधेच सुराला दिलेला झटका हे पांढरी एकमध्येही येतं, सराव त्याचा करा. आणि माईकला ओठ लावू नका, वीतभर लांब रहा, वर जाताना अजून थोडं मागे. पेटीवाल्याला पट्टी आदल्या दिवशीच सांगून ठेवा, ऐनवेळी विंगेत वाद नको.