वाचक विचारतात : धरणावर ड्रोन कधी उडवावा?

प्रश्न : मे महिन्यात भर दुपारी गंगापूर धरणावर ड्रोनला हायपरस्पेक्ट्रल (प्रकाशाचे शेकडो अरुंद रंगपट्टे वेगवेगळे टिपणारा) कॅमेरा लावून चित्रं घेतली. नीलहरित शेवाळ शोधायचं होतं. निम्मं पाणी पांढरंफटक आलं, उरलेलं दाणेदार. कॅमेरा बिघडला का?
(एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी घड्याळ पाहा. नाशिक २० अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि खाली रोखलेल्या कॅमेऱ्यात त्याचं प्रतिबिंबच उतरतं. त्या दिवसांत सकाळी साडेआठ ते साडेनऊ ही वेळ धरा. सूर्य ३४ ते ४८ अंश उंचीवर आणि जवळपास पूर्वेला असतो, म्हणून उड्डाणाच्या रेषाही पूर्व-पश्चिम आखा. वारा सुटला की लाटांमुळे चकाकी पसरते.

दाणेदारपणा बहुधा एक्स्पोजरमुळे, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्या मापामुळे. ९९ टक्के परावर्तनाच्या पांढऱ्या पॅनेलवर ते जुळवलं, तर १२ बिटच्या (उजेड ० ते ४०९५ अंकांत मोजणाऱ्या) कॅमेऱ्यात पॅनेलला ३५०० अंक मिळतात, पण २ टक्के परावर्तन देणाऱ्या पाण्याला जेमतेम ७०. २५ टक्क्यांचं राखाडी पॅनेल वापरा; तेच पाणी २८० वर जातं. काठाची जमीन चित्रात पांढरी पडली तर पडू द्या.

उरलेली चकाकी जवळच्या अवरक्त (लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या) पट्ट्याच्या आधाराने वजा करतात. तिथे पाणी काळं असतं हे त्यात गृहीत असतं. पावसाळ्यात गोदावरीला गढूळ पाणी आलं की हे गणित फसतं, कारण गाळ स्वतःच अवरक्तात चमकतो आणि चकाकीबरोबर तोही पुसला जातो.

आता शेवाळ. ७०५ आणि ६६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या परावर्तनाचं गुणोत्तर क्लोरोफिल दाखवतं, मग शेवाळ कुठलंही असो. नीलहरित म्हणायचं तर ६२० जवळ परावर्तनाच्या आलेखात फायकोसायनिनचा (नीलहरित शेवाळातल्या निळ्या रंगद्रव्याचा) खड्डा दिसायलाच हवा. पानवेली (जलपर्णी) आधी वगळा; ७५० च्या पुढे त्या झाडाच्या पानासारख्या उजळतात. पडताळणीचे नमुने उड्डाणाच्याच तासात, तळ दिसत नाही अशा खोल जागी, गडद बाटलीत घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळा.

प्रश्न : सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची फुकट चित्रं चालतील का?

उत्तर : क्लोरोफिलपुरती चालतील. ६६५ आणि ७०५ चे पट्टे त्यात आहेत, ६२० चा नाही. तो सेंटिनेल-३ वर मिळतो, पण त्याचा एक ठिपका ३०० मीटरचा. धरणाच्या रुंद भागात निभावेल. रामकुंडापाशी त्या एकाच ठिपक्यात पाणी, घाट आणि देवळं सगळंच येईल.