पोच घेतलीस का?

बाय, तुझा मेसेज वाचला, "काका, ट्रेनिंगला नाही म्हणजे काहीच मिळणार नाही ना?" आणि जेवण गोड लागेना. बारावी झालीस, आयटीआय सुटली कारण सकाळची एसटी गेली की दुपारपर्यंत वाट बघायची, हे दापोलीतल्या ऑफिसात बसलेल्याला काय कळणार.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षणवाले बारावीला 6000 देतात ते प्रशिक्षण करणाऱ्यालाच. सोड ते. रोजगार हमीत शिक्षण कोण विचारतंय? 18 पूर्ण आणि अंगमेहनतीची तयारी, झालं (धाकट्याला 17, त्याला अजून नाही). काम मागायचं, 15 दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता, पहिले 30 दिवस मजुरीचा निदान चौथा हिस्सा, पुढे निम्मा. 2005 च्या कायद्यात होतं, 2025 च्या नव्यातही आहे, वर्षाचे कामाचे दिवस तेवढे 100 चे 125 केले. ते घराला मोजतात हां, बाबांनी किती भरले ते आधी विचार. आणि मागणी लेखी, पोच तारखेची. पोच नाही तर तू काम मागितलंसच नाहीस, असं धर.

मला कसं माहीत? 2009 चा जून, हर्णैला होड्या वर ओढलेल्या, पावसाळ्याची मासेमारी बंद, आंबा संपलेला. मी चार वेळा जाऊन तोंडी सांगून आलो, साहेब ओळखीचे, चहा पाजायचे, "बघतो रे" म्हणायचे, मग कागद कशाला मागायचा असं मलाच वाटलं. ऑगस्टमध्ये भत्ता मागितला तर तेच साहेब म्हणाले, तू मागणी केलीस कधी? गप्प घरी आलो. तुझ्या काकूने त्या महिन्यात बांगडी गहाण ठेवली, ते अजून टोचतं.

तेव्हापासून रेशनचा अर्ज असो की सातबाऱ्याची नोंद, पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. वाडीत मला कटकट्या म्हणतात, म्हणू देत, गोडीगुलाबीने काय मिळालं होतं मला?

आणि "मागायला लाज वाटते" असलं परत लिहू नको, डोकं फिरतं माझं.

सोमवारी ग्रामपंचायतीत जा. नमुना 4, म्हणजे काम मागायचा अर्ज, त्याच्या दोन प्रती ने. शिक्का नसेल तर सही, पण तारीख हवीच. नाही म्हणाले तर तिथूनच मला फोन लाव, बाबांना नको, ते तुला परत बोलावतील.